चार इंचांचा ठोकळा

सेंट जॉन्सच्या स्टुडिओत मी सुतार आहे, एकोणीस वर्षं.
बातम्यांचं टेबल माझं, हवामानवालीचा कट्टा माझा,
आणि दर निवडणुकीला
पुढाऱ्यांनी कोपरं टेकायची ती उभी मेजं.

यंदा पाच सांगितली होती.
बर्चचं लाकूड, पुढून निळा पत्रा,
माईकला भोक, पाण्याच्या ग्लासाला खाच.
ग्लास घसरू नये, एवढी काळजी आम्ही सगळ्यांचीच घेतो.

पाचवं डॉर्कस टल्कचं.
बेटांवरची बाई. पक्ष म्हणजे ती, तिचा मेहुणा,
कॉड खारवणाऱ्या दोघी विधवा
आणि दीपगृहातून निवृत्त झालेला एक म्हातारा.
मागणी एकच: फेरीबोट हिवाळ्यातही यावी,
बाळंतीण धक्क्यावर अडकू नये.
माप द्यायला आली तेव्हा भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
शाळेतल्या पोरीसारखी, टाचा जुळवून.
पाच फूट एक इंच.
"बूट धरून की सोडून?" तिनंच विचारलं.

मंगळवारी वरून चिठ्ठी: चारच ठेवा.
उंबरठा पाच टक्क्यांचा, तिचे भरले चार पूर्णांक सहा.
हजार जणांना फोन करून काढलेला आकडा,
आणि तळाला बारीक अक्षरांत:
चूकभूल तीन टक्के, इकडे किंवा तिकडे.

मी फार शिकलेला नाही.
पण करवत चालते तेव्हा ती स्वतःही लाकूड खाते,
तीन मिलिमीटर, दर कापाला.
ते आधी धरायचं असतं. शिकाऊ पोरगासुद्धा
ते धरल्याशिवाय फळीला हात लावत नाही,
आणि चुकलाच, तर आखूड पडलेल्या फळीला
तुझीच लांबी कमी, असं म्हणत नाही.

त्यातून तो आठवडा वादळाचा.
बेटांवरच्या तारा जमिनीवर लोळत होत्या.
फोन वाजला असेल, तर समुद्रात.

निर्माता गर्व्हेस तसा वाईट माणूस नाही.
म्हणाला, "एकाला दार उघडलं की नऊ आत येतात, अँब्रोज.
परवा एक जण आला होता, त्याचा पक्ष म्हणतो
सगळी घड्याळं बंद करा.
नऊ जणांना चाळीस चाळीस सेकंद दिली
तर ती चर्चा नव्हे, हजेरी."
यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नीटसं सुचलेलं नाही.
आणि खरं सांगायचं तर मी तिला मत देणारही नव्हतो;
हिशेब कच्चे आहेत तिचे,
बोटीचे पैसे कुठून आणणार, तिलाही ठाऊक नाही.
पण ते तिला विचारायला तरी
समोर उभी पाहिजे ना ती?

गुरुवारी चार मेजं लागली.
मग माझं नेहमीचं काम, जे कुणाला दिसत नाही.
प्रांताचे मुख्यमंत्री बुटके.
त्यांच्या मेजामागे चार इंचांचा ठोकळा सरकवायचा,
वर काळा गालिचा,
म्हणजे पडद्यावर सगळ्यांचे खांदे एका रेषेत येतात.
उंचीचा पंक्तिप्रपंच आमच्याकडे चालत नाही.

ठोकळ्यासाठी किती टक्के लागतात,
ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

दोन तास चर्चा झाली. कर, दवाखाने, तेल.
फेरीबोट एकदाही नाही.
पाचव्या जागेची जमिनीवरची फुली, पिवळ्या चिकटपट्टीची,
माझ्याकडून काढायची राहून गेली होती
(राहून गेली, असंच म्हणू),
आणि विरोधी पक्षाच्या बाई दर जाहिरातीला
पाणी प्यायला जाताना तिला वळसा घालत होत्या,
तिथं कुणीतरी उभं असल्यासारखा.

पाचवं मेज वर्कशॉपच्या दाराशी आहे.
दुसऱ्या कुणाच्या मापाचं ते नाही.
काल त्यावर चहाचा ग्लास ठेवला,
खाचेत बरोब्बर बसला,
जराही हलला नाही.